लाल दोऱ्याची बाटली

भाटघर धरणाच्या पाण्यात मधोमध नावेचं इंजिन बंद पडलं, तेव्हा माझा उजवा पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता आणि दाजी पेट्रोलला शिव्या देत होते. घोणस चावलेली बाई समोर बसवून पेट्रोलशी भांडणारा माणूस अख्ख्या भोर-वेल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. मला शिव्यांचं काही वाटलं नाही. दाजी गप्प बसले असते तर मी घाबरले असते.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, मालक. आम्हा दोघी बहिणींना विंझरहून एकाच गावात दिलं होतं. आक्काचं घर पाण्याच्या कडेला, माझं वरच्या अंगाला. माझे मालक आधी गेले, मग आक्का गेली. पोरं सगळी पुण्याला. मागं राहिलो मी आणि दाजी, आणि दाजींची इंजिनं. दाजींनी कामथडीजवळ हायवेवरच्या एका गॅरेजात तीस वर्षं काम केलं होतं. गॅरेज सुटलं तरी पेट्रोल सुटलं नाही. माणसाला देवाचं, दारूचं, पोरीबाळींचं वेड लागलेलं मी पाहिलंय. पेट्रोलमध्ये पाणी शिरेल या भीतीनं म्हातारा झालेला माणूस मी हा एकच पाहिला.

त्यांचं म्हणणं साधं होतं. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात, म्हणजे उसाच्या मळीची दारूच. "आदीचं पेट्रोल पाण्याला ओळख द्येत न्हवतं," ते सांगायचे. "ह्ये नवं लगीच सोयरीक जुळवतं. हवेतलं पाणी पितं. लई झालं की दोगं मिळून खाली बसत्यात, आन इंजिन तर खालनंच वढतं." हे त्यांनी मला सांगितलं, आक्काला सांगितलं, ग्रामसेवकाला सांगितलं, आणि एकदा हळदीकुंकवाला आलेल्या सात बायकांना ओसरीवर अडवून सांगितलं. त्यांच्याकडं औषधाची काचेची उभी बाटली होती, तिच्यावर ब्लेडनं रेघा मारलेल्या. पंपावर गेले की आधी बाटलीत पेट्रोल घ्यायचे, त्यात मापानं पाणी टाकायचे, हलवायचे आणि उन्हाकडं धरून उभे राहायचे. खालच्या पाण्याची रेघ किती चढली यावरून दारू किती ते त्यांना कळायचं. मागं गाड्यांची रांग लागायची. पंपावरचा माणूस म्हणायचा, "आजोबा, रक्त तपासताय का पेट्रोल?" दाजी बाटलीवरची नजर न काढता म्हणायचे, "रक्तात पाणी आसलं तर चालतंय."

पावसाळ्यात स्कूटर महिना महिना उभी असायची, पण टाकी गळ्यापर्यंत भरलेली. रिकाम्या जागेत दमट हवा बसते, हवेचं पाणी होतं, म्हणून. यंत्र ठेवून द्यायचं असेल तर उलटं करायचे, टाकी पार कोरडी. पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन चालू ठेवायचे आणि पोटातलं सगळं पिऊन आपोआप बंद पडेपर्यंत शेजारी उभे राहायचे. इंजिन शेवटचे आचके द्यायला लागलं की त्यावर हात ठेवायचे. मी एकदा म्हटलं, "दाजी, आक्काच्या टायमाला बी आसा हात ठिवला न्हवता तुमी." ते म्हणाले, "तिनं ठिवू दिला नसता." खरंच होतं ते.

आक्काच्या दहाव्याला आम्ही सगळे घाटावर होतो. भटजी सांगत होते, पिंड मांडलेला होता, पावसाची भुरभुर होती आणि कावळा शिवत नव्हता. सगळे विचारात पडले, बाईचं कशात मन अडकलंय? तेवढ्यात दाजी उठले आणि तरातरा वर गेले. मला वाटलं, दुःख आवरलं नसेल. वर जाऊन बघते तर एका पाहुण्याच्या मोटरसायकलच्या टाकीचं झाकण नीट बसलेलं नव्हतं, त्यावर हे स्वतःची टोपी घालून उभे. खाली येईपर्यंत कावळा शिवून गेला होता. दाजी म्हणाले, "बगा, त्यातच आडाकलं आसंल."

आणि ती स्टीलची बाटली. एक लिटरची, पोरं शाळेत नेतात तसली. तिच्यात तपासलेलं पेट्रोल, झाकण घट्ट, कोणी पाणी समजून पिऊ नये म्हणून गळ्याला लाल दोरा. नावेत जाताना ती त्यांच्या खांद्याला असायचीच. दर अमावास्येला जुनं पेट्रोल स्कूटरमध्ये ओतायचं आणि बाटलीत नवं भरायचं. अमावास्येला गावात कुणी नारळ फोडतं, कुणी लिंबू-मिरची बांधतं. दाजी बाटली बदलायचे. लोक हसायचे, मीही हसायचे.

आक्का गेल्यावर ते दर पंधरा दिवसांनी एकदा माझ्याकडं यायचे. "तुज्या वीडरची टाकी बगाया आलोय." वीडर म्हणजे माझं तण काढायचं लहान यंत्र. ते गोठ्यात जायचे, टाकीचं झाकण उघडून हुंगायचे, लावायचे, आणि मग चहा होईपर्यंत दोन तास बसायचे. चहाला दोन तास लागत नाहीत, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. माझ्या यंत्राला काही झालेलं नसायचं. मी कधी "चांगलं हाय की" म्हटलं नाही.

आता त्या कॅनचं सांगते. भादव्यात मी वीडरसाठी पेट्रोल आणायला त्यांचा पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन मागून नेला. काम झाल्यावर परत द्यायचा होता. आमच्यात दुसऱ्याचं भांडं खरकटं पाठवत नाहीत आणि रिकामंही पाठवत नाहीत. त्याला पेट्रोलचा घाण वास येत होता. मी साबण लावून खळखळून धुतला, दगडावर पालथा घातला, दुपारी पुसला आणि सोबत वाटीभर तांदूळ बांधून दिला. त्या कॅनची मूठ पोकळ होती. पालथा घातला तरी मुठीतलं पाणी बाहेर येत नाही, हे मला कुठून कळणार? चौथीपर्यंत शाळा झालीय माझी, आणि चौथीत मूठ शिकवत नाहीत.

दाजींनी त्याच कॅनमध्ये पंपावरून तपासलेलं पेट्रोल भरून आणलं. चार दिवसांनी बांधावर गवत कापताना मला घोणस चावली. एसटी निघून गेलेली, मोबाईलला रेंज नाही, पाण्याला वळसा घालून भोरचा रस्ता लांब. माझी हाक ऐकून आलेल्या दाजींनी मला उचललं नाही, तेवढी ताकद नव्हती. हाताला धरून नावेपर्यंत चालवायचं म्हणाले, मग मध्येच, "चालू नगं, ईख चडंल," म्हणून ढकलगाडी आणली आणि तिच्यात बसवून नेलं. अगदी शेणाच्या पाटीसारखी. कॅनमधलं पेट्रोल इंजिनात ओतलं, दोरी ओढली, निघालो. इंजिनाच्या नळीत आधीचं चांगलं पेट्रोल होतं, तेवढ्यावर मधोमध आलो. तिथं दोन आचके दिले आणि बंद.

दाजींनी चार वेळा दोरी ओढली. मग इंजिनाच्या खालचा स्क्रू सोडून थोडं काचेच्या बाटलीत घेतलं आणि उन्हाकडं धरलं. मला बसल्या जागेवरून दिसलं. तळाला वेगळी रेघ, गढूळ.

"पाणी," ते म्हणाले. मग पेट्रोलच्या सात पिढ्या उद्धारल्या.

"दाजी," मी म्हटलं, "मला मळमळतंय."

"मळमळू दे. झोपू नगं. माज्याशी भांड."

"कशावरनं भांडू?"

"कशावरनं बी. चाळीस वर्सं भांडलीस की फुकाट."

मी भांडले. आक्काच्या पाटल्या थोरल्या सुनेला का दिल्या, इथून सुरुवात केली. ते उत्तरं देत होते आणि हात चालत होते. टाकी काढून सगळं कॅनमध्ये परत ओतलं, नळी फुंकली, खालचं वाटीएवढं भांडं सोडून धोतराच्या सोग्यानं पुसलं. स्क्रू एकही पाण्यात पडला नाही. मग खांद्याची बाटली काढली, लाल दोरा सोडला आणि त्यातलं पेट्रोल टाकीत घातलं. सहाव्या ओढीला इंजिन लागलं. आवाज आल्यावर दाजी खाली बसले आणि पहिल्यांदाच गप्प झाले. मी पाटल्यांवरून पुढं भांडत राहिले, कारण थांबले तर झोप येईल असं वाटत होतं.

भोरच्या दवाखान्यात नऊ दिवस राहिले. घरी आले तर गावात एकच चर्चा, दाजी पंपावर जाऊन भांडून आले. तिथल्या माणसानं त्यांच्याच बाटलीत त्यांच्यादेखत पेट्रोल तपासून दाखवलं. पेट्रोल चोख निघालं आणि दाजी चार लोकांत खोटे पडले. मला राहवलं नाही. ते टाकी बघायला आले तेव्हा मी सांगून टाकलं, "दाजी, पंपावाल्याची चूक न्हाई. कॅन म्या धुतला व्हता."

त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "ठावं हाय. नावंतच साबणाचा वास आला व्हता."

"मंग पंपावर कशाला गेलात?"

"लोकं इचारत व्हती, पाणी आलं कुटनं. कायतरी सांगाया पायजे का नगं?"

"आन तुमी येवढं तपासून घेता, कॅन कसा न्हाई तपासला?"

"तुज्या घरनं आलेलं भांडं तपासत्यात व्हय?" असं म्हणून ते वीडरची टाकी हुंगायला गोठ्यात गेले. तिथं बराच वेळ राहिले. मी दुसरा चहा ठेवला.

गेल्या थंडीत दाजी गेले. सकाळी दूधवाल्यानं हाका मारल्या, आतून ओ आली नाही, एवढंच. पोरांनी नावेचं इंजिन विकलं, स्कूटर भंगारात घातली. मी फक्त स्टीलची बाटली मागून घेतली. वीडर ठेवून देताना आता मीच कॉक बंद करते आणि ते पिऊन बंद पडेपर्यंत उभी राहते. हात ठेवत नाही, चटका बसतो. पंधरा दिवस झाले की दुपारी दोन माणसांचा चहा टाकला जातो, तो मीच पिते. एसटीत पेट्रोल घेऊन बसू देत नाहीत, म्हणून अमावास्येला गावातल्या कुणाला तरी सांगून मागवते आणि बाटलीतलं बदलते. जुनं वीडरमध्ये जातं. नाव काठावर पालथी पडली आहे, तिला आता बाटली लागायची नाही. मग कशाला बदलतेस, असं विचारायला कोणी येत नाही.

त्या दिवशी नावेत दोघं होतो. दोघंही काठाला लागलो. आता त्यातली मी तेवढी आहे.