शिडीखालचे दोन तास

रफिकचा फोन आला तेव्हा मी गेवराईला मुलीकडे होतो. दुपारची जेवणं नुकतीच उरकली होती. रफिक बीडच्या मंडईत फळं विकतो. साधं बोलला तरी चार गाड्यांपलीकडे ऐकू जाईल असा त्याचा आवाज. त्या दिवशी मात्र तो काय म्हणतोय तेच कळेना. दोनदा विचारल्यावर म्हणाला, "सर, युसूफभाई गेले. दुकानातच. रंधा मारता मारता खाली बसले, ते उठलेच न्हाईत..." मी मिळेल त्या गाडीनं बीड गाठलं. मातीला पोचलो, एवढंच समाधान. त्याला आता सहा आठवडे होत आले, आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

युसूफभाई सुतार. आमच्या शाळेच्या ग्रंथालयाची कपाटं करायला आले तेव्हा आमची ओळख झाली. मी भूगोल शिकवायचो. माप घ्यायचं सोडून ते भिंतीवरच्या नकाशासमोर उभे राहायचे आणि विचारायचे, या डोंगराचं नाव काय, ही नदी पुढं कुठं जाते? मी निवृत्त झाल्यावर संध्याकाळचा चहा त्यांच्याच दुकानात होऊ लागला. रफिक असायचा, आणि बाजाराला आले की वडवणीचे दत्ताराव. कापूस पिकवणारा, थट्टेखोर माणूस. अशाच एका संध्याकाळी बोलता बोलता मी म्हणालो की तीस वर्षं पोरांना शिकवलं, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई. युसूफभाईंनी हातातली पट्टी खाली ठेवली.

"सर, तुमी बघितलंय का ते?"

नव्हतं बघितलं. आम्ही हसलो. ते हसले नाहीत. "मग जाऊ की," म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांनी या सहलीसाठी एक वही सुरू केली. आमच्यातल्या कुणीही सहल म्हणून कधी काही ठरवलेलं नव्हतं. लग्नाला जायचं, दवाखान्याला जायचं, एवढाच आमचा प्रवास. युसूफभाईंनी मात्र चौकट बसवावी तसं सगळं मापून घेतलं. दर रविवारी पहाटेच्या नमाजनंतर ते आम्हाला कपिलधारच्या डोंगरात चालायला नेत. दत्तारावांना वहाणा सोडून बूट घ्यायला लावले. मुक्कामाला लाकडीच खोली पाहिजे, यावर ते अडून बसले. भाच्याकडून मोबाईलवर फोटो मागवून ते प्रत्येक केबिनची परीक्षा घ्यायचे. एका ठिकाणी अख्खी भिंत काचेची होती. ते म्हणाले, "दिसायला लई भारी हाय, पण माणसानं पाठ कुठं टेकायची?" दुसरीकडे छपराला उतार कमी होता, म्हणून नापास. शेवटी भंडारदऱ्याजवळची एक जागा पसंत पडली. तिच्या मालकाला त्यांनी फोनवर इतके प्रश्न विचारले... दार आत उघडतं का बाहेर, खिडकीतून ऊन कधी येतं, रात्री उठलं तर छपराला डोकं लागेल का. त्या बिचाऱ्याला वाटलं असेल की हा खोली विकतच घेतोय.

प्रत्यक्षात खोली छोटीच होती. सागाच्या फळ्या, उतरतं छप्पर, वर माळ्यावर दोन अंथरुणं आणि खिडकीखाली बसायला रुंद बाक, त्याच्या पोटात पांघरुणं ठेवायची पेटी. आम्ही धरणाच्या पाण्याकडे बघत होतो तेव्हा युसूफभाई कोपऱ्यातल्या सांध्यावरून बोट फिरवत होते. "ज्यानं केलं त्यानं मन लावून केलंय," एवढंच बोलले आणि बाकाची मापं वहीत उतरवून घेतली. दुसऱ्या कारागिराचं काम इतक्या आनंदानं बघणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी डोंगर. अंधार होता तेव्हाच निघालो, चाललोही चांगले. लोखंडी शिड्या लागल्या. पहिली मी खाली न बघता चढलो. शेवटच्या शिडीवर अर्ध्यात वारा सुटला, मी खाली बघितलं आणि माझे हात गजाला चिकटले. वर जाता येईना, खाली येता येईना. दत्ताराव आणि रफिक कधीच वर पोचले होते. युसूफभाई माझ्या खाली होते. त्यांनी माझा एक पाय धरून खालच्या गजावर टेकवला, मग दुसरा. आरडाओरड नाही, घाई नाही. असं एकेका गजानं त्यांनी मला जमिनीवर आणलं. मी त्यांना म्हणालो, तुम्ही जा, वर्षभर एवढं केलंत. ते शेजारी बसले, पिशवीतून पेरू काढून कापू लागले.

"बघायचं कुणाला व्हतं, सर? तुमाला. मग मी एकटा वर जाऊन काय करू?"

दोन तास आम्ही तिथं बसलो. मला रडू येत होतं, लाजही वाटत होती. ते मात्र बोट दाखवून विचारत राहिले, ते पाणी कशाचं, तो सुळका कोणता. मी सांगू लागलो. धरणाचं पाणी प्रवरेचं, प्रवरा पुढं गोदावरीला मिळते, आणि तीच गोदावरी आपल्या गेवराईजवळून वाहते. ते किती तरी वेळ त्या पाण्याकडे बघत राहिले. सांगता सांगता मी उठून उभा राहिलो होतो आणि हात लांब करून नद्यांच्या वाटा दाखवत होतो, हे मला फार उशिरा कळलं.

बाकीचे दोघं उतरून आले. मी तोंड उघडण्याआधी युसूफभाईच म्हणाले, "माझा गुडघा धरला. सरांना माझ्यापायी बसावं लागलं." आणि मी... मी गप्प राहिलो. पुढं दोन वर्षं दत्ताराव त्यांच्या गुडघ्याची थट्टा करत राहिले. युसूफभाई हसून चहा मागवायचे. मी तेव्हाही गप्पच.

गेल्या आठवड्यात त्यांच्या घरी गेलो. भाभींचे नवऱ्यामागं पाळायचे इद्दतीचे दिवस, परक्या पुरुषासमोर यायचं नसतं, म्हणून त्या आतल्या दाराच्या पडद्यामागं होत्या. बाहेर माझ्याजवळ त्यांचे दीर. मी पडद्याकडे तोंड करून सगळं सांगून टाकलं. शिडी, माझी भीती, माझं गप्प बसणं.

"मला ठाऊक हाय, सर," भाभी म्हणाल्या. "पाच वेळा नमाजला उठबस करणारा माणूस. गुडघा दुखला असता तर मला कळलं नसतं? मी इचारलं न्हाई, त्यांनी सांगितलं न्हाई."

तिथून उठून मी वडवणीची गाडी पकडली. दत्तारावांनी सगळं ऐकून घेतलं, मग उठून शेताच्या बांधाकडे गेले ते बऱ्याच वेळानं परत आले. एकच म्हणाले, "लई चिडवलं मी त्याला."

भाभींच्या घरून निघताना दिरांनी युसूफभाईंची वही माझ्या हाती दिली होती. शेवटच्या पानावर या हिवाळ्याचा बेत आहे. नवा डोंगर, नवी लाकडी खोली, चौघांच्या झोपायच्या जागा आखलेल्या. डोंगराच्या नावापुढं बारीक अक्षरात लिहिलंय, 'शिडी नाही. तिथल्या दोघांना विचारून खात्री केली.'

काल मी त्या जागी फोन लावला. तिघं येतोय म्हणालो. पलीकडच्या माणसानं विचारलं, खोली कुणाच्या नावावर ठेवू? मी युसूफभाईंचं नाव सांगितलं.