एका पेशंटमागं एकच माणूस

दवाखान्याच्या फाटकावरच्या त्या चौकीदाराचा मला भारी राग यायचा. खाकी कोट गळ्यापर्यंत बंद, दाढेत सुपारी, आणि तोंडात एकच वाक्य, "एका पेशंटमागं एकच माणूस. इथं काय बजार हाय का बे?"

आम्ही तिघं भावंडं रोज धाडहून एसटीनं आईला भेटायला यायचो. एकानं डबा घेऊन आत जायचं, दोघांनी लिंबाखाली बसायचं. कितीही विनवण्या करा, तो ढिम्म हलायचा नाही.

त्या दिवशी आम्हाला लांबून पाहूनच तो उठला. सुपारी थुंकून त्यानं फाटकाची दोन्ही कवाडं उघडली.

"आज सारेच जा," तो हळूच म्हणाला. "डबा राहू द्या माह्यापाशी."

धाकटी बहीण हरखून आत पळाली. माझे पाय मात्र उचलेनात.