वर्षाचा मसाला

ही गोष्ट मी मुलीलाही सांगितलेली नाही. विषय निघाला की मी चहा टाकायला उठायचो. आता गुडघे पटकन उठू देत नाहीत, म्हणून लिहितो.

बायकोच्या लहान आतड्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सर्जननी मला बाहेर बोलावलं. आपल्याकडे असंच असतं, आजार तिचा आणि डॉक्टर बोलणार नवऱ्याशी. ते म्हणाले, "न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर आहेत. कॅन्सरच, पण सावकाश वाढणारा. गाठी बऱ्याच होत्या, सगळ्या काढल्या. लिव्हर स्वच्छ आहे." किती गाठी आहेत यापेक्षा आजार कुठवर पसरलाय, किती वेगानं वाढतोय, हे महत्त्वाचं, असंही ते म्हणाले. माझ्या कानात राहिलं फक्त 'बऱ्याच'.

आत येऊन तिला म्हणालो, "एकच होती. काढली."

शेजारच्या खाटेवर घाटकोपरची एक बाई होती, मूळची नांदेडकडची. आजार तोच. तिची गाठ खरोखरच एक होती, पण आजार लिव्हरपर्यंत गेलेला. 'आपण दोघी एकेक गाठवाल्या' म्हणत त्यांची गट्टी जमली. पुढे तपासणीला दोघी एकाच दिवशी यायच्या. आमच्याकडून कुळथाची पिठी जायची, तिच्याकडून ज्वारीच्या भाकऱ्या यायच्या. आजारामुळे त्या बाईचा चेहरा मधूनच लालबुंद व्हायचा. एकदा मी समोर आलो आणि नेमकं तसंच झालं.

"काय गं, माझ्या नवऱ्याला बघून लाजतेस?" बायको म्हणाली.

"हट! लाजावं असं काय आहे तुझ्या म्हाताऱ्यात?"

अख्खा बाक हसला. मीही हसलो. पण मनातून मला तिचा हेवा वाटायचा. तिची एकच.

पुढच्या वर्षी ती बाई गेली. घाटकोपरहून मुलुंडला घरी परतल्यावर बायको चप्पल न काढताच खुर्चीत बसली.

"तिची एक, माझी एक. म्हणजे आता माझी पाळी."

"तुझं वेगळं आहे."

"वेगळं म्हणजे कसं? सांगा ना."

तोवर मी डॉक्टरांना पुन्हा विचारलं होतं आणि या वेळी नीट ऐकलं होतं. सांगायला काहीच अवघड नव्हतं. पण ते सांगायचं तर आधीचं खोटं कबूल करावं लागलं असतं. मी म्हणालो, "देवावर भरवसा ठेव." हे ऐकून माणसाला जे समजतं, तेच तिला समजलं.

आमच्या घरी मे महिन्यात वर्षाचा मसाला व्हायचा. गच्चीवर मिरच्या वाळायच्या, सगळी सोसायटी शिंकायची, मग ती स्वतः गिरणीत उभी राहून मसाला कुटून आणायची. त्या मे महिन्यात तिनं वर्षाच्या मिरच्या आणल्याच नाहीत. महिन्यापुरता मसाला करून एका लहान डब्यात भरला. मोठी बरणी धुऊन माळ्यावर ठेवायला माझ्या हातात दिली. "एवढा कोण खाणार?" म्हणाली. मी स्टूल घेतलं आणि बरणी वर ठेवली.

त्यानंतर ती पुष्कळ वर्षं जगली. तपासण्या चांगल्या यायच्या, तरी तिचा विश्वास बसत नसे. साडी घेताना म्हणायची, "मुलीला शोभेल अशी बघा." मला माशाचं कालवण शिकवलं, "नंतर उपाशी राहाल" म्हणून. शेवटी गेली ती हृदयविकारानं. आतडं, लिव्हर, सगळं ठीक होतं.

कालवण मी अजून करतो. विकतच्या मसाल्याला तो वास येत नाही. मे महिन्यात शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर मिरच्या पडल्या की खिडकी उघडी ठेवतो. शिंक आली की वाटतं, आतून ती ओरडेल, "अहो, रुमाल घ्या!"

बरणी अजून माळ्यावरच आहे. ती हातात घेऊन त्याच दिवशी बोलायला हवं होतं: अगं, थांब. मी खोटं बोललो. तुझ्या गाठी बऱ्याच होत्या, पण तुझं तिच्यासारखं नाही, तुझं लिव्हर स्वच्छ आहे. मी घाबरलो होतो. मला माफ कर, आणि वर्षाचा मसाला कर.