जहाजावरची समक्ष पाहणी

मला लोक विचारतात, "मॅडम, किती क्रूझ झाल्या?" मी सांगते, पाच. आणि लगेच पुढे म्हणते की आकड्यावर जाऊ नका. आमच्या क्रूझवाल्यांच्या ग्रुपमध्ये एक गृहस्थ आहेत, नऊ वेळा जाऊन आलेत, आणि अजूनही औषधाच्या गोळ्या मोठ्या बॅगेत टाकतात. ती बॅग बंदरावर जमा होते आणि खोलीत पोचेपर्यंत दिवस मावळतो. तोवर यांची बीपीची गोळी जहाजाच्या पोटात आणि हे वरच्या मजल्यावर. असल्यांना अनुभवी म्हणायचं तर आमच्या कचेरीतला पंखाही अनुभवीच होता, तीस वर्षं गरगरला बिचारा.

अनुभवी माणूस कसा ओळखावा ते मी सांगते. तो पहिल्या दिवशी जेवणाच्या हॉलवर तुटून पडत नाही. खोली मागताना खालचा मजला आणि जहाजाचा मधला भाग मागतो, कारण तिथे डोलणं कमी. लिफ्टसमोर घोळका दिसला की सरळ जिना धरतो. भोंगा वाजून सगळ्यांना लाइफ जॅकेट घालायला बोलावतात तेव्हा फोटो काढत बसत नाही, नीट ऐकतो. हे सगळं मला काही जन्मतः येत नव्हतं. पहिल्या फेरीत मी डेकवरच्या चार आरामखुर्च्यांवर चार रुमाल टाकून जेवायला गेले होते. श्रीरामपूरच्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची सवय, हात गप्प बसतात होय? परत आले तर चारी रुमाल घडी घालून एका ट्रेमध्ये ठेवलेले, आणि खुर्च्यांवर चार गुजराती बाया निवांत झोपलेल्या. मी चडफडले, पण परत आल्यावर लिहिलेल्या अहवालात ते लिहिलं. जे घडलं ते लिहायचं, हा माझा शिरस्ता.

अहवाल हा शब्दही मी मुद्दाम वापरते. नोकरीची शेवटची बारा वर्षं मी तहसील कचेरीत अव्वल कारकून होते, त्यातली निम्मी कर्जतला. गारपीट झाली, घर पडलं, बांध फुटला की तलाठ्यांचे पंचनामे माझ्या टेबलावर यायचे. कोणता पंचनामा शेतात उभं राहून केलाय आणि कोणता टपरीवर चहा पिता पिता, हे मला दोन ओळींत कळायचं. टपरीवाला मी परत फेकायची. "समक्ष पाहणी केली असं लिहिलंय ना? मग बांधाच्या कडेला बाभळी किती ते सांगा." समोरचा कागद चाळायला लागायचा. "जा, बघून या, मग सही करते." मला मागून काय काय म्हणायचे ते मला ठाऊक आहे. म्हणू देत.

निवृत्तीनंतर नगरला घर केलं आणि क्रूझचा नाद लागला. आमचे हे काही येत नाहीत. म्हणतात, "पाण्याशी माझं वैर नाही, पण त्याच्यावर झोपायला मी काय बदक आहे?" मग मी मैत्रिणींबरोबर जायची आणि आल्यावर क्रूझवाल्यांच्या मराठी ग्रुपवर अहवाल टाकायची. पंचनाम्यासारखाच. खोलीच्या चतुःसीमा, कपाटात हँगर किती, ज्वारीची भाकरी मिळते का, चहा कुठल्या मजल्यावर बरा. लोक "छान झाली ट्रिप" लिहून हात जोडल्याचं चित्र टाकतात, त्यांचा मला भयंकर राग येतो. छान म्हणजे काय? वाचणाऱ्याने त्याचं काय करायचं? माझे अहवाल वाचून माणसं तिकिटं काढायची, आणि मी फुशारून जायची. खोटं कशाला सांगू.

माझी सगळ्यात पक्की वाचक मात्र त्या ग्रुपमध्ये नव्हती. ती माझी थोरली जाऊ. आम्ही तिला आक्का म्हणतो. कोल्हारला प्रवरेच्या काठी त्यांची शेती, आक्का तिथेच राहते. सातवी शिकलेली, एकाहत्तर वर्षांची, दोन्ही गुडघे पार झिजलेले. नातवाकडून अहवाल मोबाईलवर मोठ्या अक्षरात लावून घ्यायची आणि ओळीवर बोट ठेवून वाचायची. वाचून झालं की फोन. दर वेळी प्रश्न एकच, पण नेमका. पहिल्या अहवालावर विचारलं, "तिथं बाया साडीत हायेत का समद्या झग्यात?" दुसऱ्यावर, "रातीचं इंजिनाचा आवाज येतो का गं?" चौथा अहवाल टाकला तेव्हा तिने विचारलं, "न्हानीचा उंबरा केवढा हाय?"

मी तेव्हा चहा घेत होते. मला चांगलं आठवतं, कपात बिस्कीट बुडवत मी म्हटलं, "उंबरा कसला आलाय आक्का, सगळी सपाट फरशी. मोठ्या हॉटेलासारखं." मग मीच गळ घातली, तुम्ही चलाच. मुलांनी आढेवेढे घेतले तर आक्का त्यांना म्हणाली, "तिनं चार डाव बघितलंय. ती म्हनती उंबरा न्हाई म्हंजी न्हाई." एवढ्या विश्वासावर ती बाई जन्मात पहिल्यांदा समुद्र बघायला निघाली.

मुंबईहून लक्षद्वीपला जाऊन परत, चार मुक्काम. दुपारी जहाजावर चढलो. आक्काला चाकाच्या खुर्चीवर बसवून खोलीपर्यंत आणलं. मी बाथरूमचं दार उघडलं आणि खाली पाहिलं. उंबरा होता. लोखंडी, चांगला वीतभर उंच, वर चार बोटं. चार फेऱ्यांत मी तो शंभरदा ओलांडला असेल, पण माझे गुडघे शाबूत, पाय आपोआप उचलला जायचा. डोळ्यांनी कधी बघितलाच नव्हता.

आक्का म्हणाली, "हाय की गं उंबरा." राग नाही, काही नाही. मी मात्र ओशाळायच्या ऐवजी साहेबिणीच्या थाटात म्हटलं, "एवढ्याशाला काय घाबरायचं? मला धरा, पाय उचला. झालं." धरून नेलं, धरून आणलं. येताना तिच्या कपाळावर घाम होता. तो दिसला मला, पण प्रवासाचा शीण म्हणून मी तो विषय तिथेच मिटवला.

दुसरा दिवस सगळा समुद्राचा. आक्काला डेकवर सावलीत बसवली. नऊवारी, डोक्यावर पदर, मांडीवर हात. मी चहा आणला तर म्हणाली, "नगं, आत्ताच झाला." ताक आणलं तर, "गार बाधतं मला." दुपारी वरण तसंच ठेवलं, कोरडी पोळी आणि भाजी खाल्ली. माझं लक्ष कुठे होतं? माझ्याभोवती सातआठ नवखे जमले होते, ते ग्रुपवर माझे अहवाल वाचलेले. मॅडम, इकडे काय, मॅडम, तिकडे काय. मी दिवसभर या टोकापासून त्या टोकापर्यंत माहिती वाटत फिरत होते. मध्येच आक्काचा एक फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला: आमच्या आक्का, पहिलीच क्रूझ, एकदम मजेत.

तिसऱ्या दिवशी सकाळी जहाज लक्षद्वीपसमोर थांबलं. छोट्या होड्यांतून बेटावर नेतात, मी टोपी घालून तयार. आक्का म्हणाली तू जा, मी हितंच बरी. तेवढ्यात खोली आवरायला येणारी मणिपूरची बाई आली. तिने टेबलाकडे बोट केलं आणि मला हिंदीत म्हणाली, "मॅडम, तुमच्या मावशी पाणी पीत नाहीत. मी पहिल्या दिवशी ठेवलेल्या बाटल्या तशाच आहेत. सीलसुद्धा फुटलेलं नाही."

मी आक्काकडे बघितलं. ओठ सोललेले, जीभ पांढरी. उठून उभी राहायला गेली ती पलंगावर मागे बसली. "भोवळ आली जराशी," म्हणाली.

"आक्का, पाणी का नाही प्यायलात?"

"पानी पिलं की न्हानीत जावं लागतं. दर बारीला तुला हाक मारायची. तू आपली दमून आलेली." आणि मलाच समजावत म्हणाली, "असं काय बघतीस? एसटीनं जाताना आपन बाया करतोच की असं. सवय हाय मला."

कर्जतला असताना जीपमधून गावोगाव फिरायची, गाडीत सगळे पुरुष. सकाळी सातला निघायचं आणि संध्याकाळी घरी येईपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. वर्षानुवर्षं हेच केलं मी. चहा पुढे आला की मीही म्हणायची, "आत्ताच झाला." तेच शब्द. आणि ते शब्द आक्काच्या तोंडून दोन दिवस ऐकूनही मला ओळखू आले नाहीत. दुसऱ्याच्या पंचनाम्यातली बाभूळ मोजणारी मी, घरी बसून उंब‍ऱ्याचा पंचनामा केला होता आणि ही बाई त्यावर विसंबून तहानेली बसली होती. मला माझी लाज वाटली. एवढी लाज मला नोकरीत कधी वाटली नाही.

टोपी काढली. जहाजावरच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी तपासलं, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट द्यायला सांगितलं, म्हणाले आज लक्षात आलं ते बरं झालं. मग मी खाली चौकशीच्या खिडकीवर गेले. कळलं, बिनउंबऱ्याच्या खोल्या असतात, पण तिकीट काढतानाच मागाव्या लागतात. मी कधी विचारलंच नव्हतं, मला कशाला लागतात? यावेळच्या सगळ्या भरलेल्या. मात्र जेवणाच्या मजल्यावर एक रुंद बाथरूम आहे, सपाट, दोन्ही बाजूंना धरायला दांडे. मी तिथे गेले, दार ढकललं, आत बसून उठून पाहिलं, दांडा हलवून पाहिला. लिफ्टपासून पावलं मोजली. मग आक्काला खुर्चीवरून नेऊन दाखवलं. ती दांड्यावरून हात फिरवत म्हणाली, "हे लई ब्येस हाय." त्या दुपारी ती लिंबू सरबताचे तीन ग्लास प्यायली. पुढचा दीड दिवस आम्ही दोघी जिथून ते बाथरूम जवळ पडेल तिथेच बसलो. ते नवखे आले, मी त्यांना म्हटलं, आज मला वेळ नाही.

इथपर्यंत ठीक होतं. खरी चूक मी घरी येऊन केली. अहवाल लिहिला आणि त्यात यातलं काही लिहिलं नाही. म्हटलं, जावेच्या बाथरूमच्या गोष्टी चारचौघांत कशाला? आणि माझ्या मनातलंही सांगते. लोक काय म्हणतील, मॅडमना पाच फेऱ्यांत एक उंबरा दिसला नाही? भाकरी, चहा, बेटावरची वाळू तिथे जाऊन आलेल्या एका मैत्रिणीच्या फोटोवरून, सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं, सोबत आक्का होत्या, त्यांनी सहलीचा पुरेपूर आनंद घेतला. एकशे चाळीस लोकांनी वर केलेले अंगठे पाठवले.

आक्काचा फोन आला नाही. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. पाचव्या दिवशी मी मनमाडची एसटी धरली आणि कोल्हारला उतरले. आक्का ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मी समोर बसले. मीही मूठभर शेंगा घेतल्या आणि फोडायला लागले.

खाली बघतच ती म्हणाली, "वाचलं मी. त्यात ती आक्का कोन हाय?"

"तुम्हीच की."

"मी न्हवं ती. मला न्हाई भेटली ती बाई जहाजावर."

"आक्का, ते सगळं लोकांत कसं लिहायचं? तुम्हालाच कसंतरी वाटेल."

"मला वाटंल का तुला?" तिने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "उंबऱ्याचा राग न्हाई आला मला. चुकतं मानूस. पर मी दोन दिस तहानेली हुते आन तू लिवलंस मजेत. आता माझ्यासारखी कुनी गुडघ्याची बाई घरी बसून ते वाचंल, आन जाईल. तिला पान्याचं कोन इचारनार हाय?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी कुणाची कधी माफी मागितलेली नाही, वरिष्ठांचीही नाही. तिची मागितली. म्हटलं, "चुकलं माझं आक्का. दोनदा चुकलं."

"व्हय," ती म्हणाली. समजूत वगैरे काही घातली नाही. शेंगांची पाटी बाजूला सारली आणि म्हणाली, "काढ मोबाईल."

मी जुना अहवाल तिच्यासमोर पुसला आणि नवा लिहायला घेतला. उंबऱ्याची उंची लिहिली, बिनउंबऱ्याची खोली कधी मागायची ते लिहिलं, सपाट बाथरूम कुठल्या मजल्यावर आणि लिफ्टपासून किती पावलं ते लिहिलं. मी आधी न बघता सांगितलं होतं, हेही लिहिलं. आक्का ओळ ओळ ऐकत होती.

"आता पाण्याचं," मी म्हटलं. "त्याचं काय लिहू?"

तिने पदराने हात पुसले. "लिव्ह," म्हणाली, "पयले दोन दिस मी समुद्रासमोर बसले हुते, पर मला समुद्र दिसला न्हाई. मी निस्ती न्हानीचा इचार करत हुते."

मी ते तिच्याच शब्दांत लिहिलं आणि पाठवलं.