चौसष्ट पानांची वरात

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे वाल सोलणं आणि गाणी लिहिणं. सोलायची ती, लिहायचो मी. आमच्या जूचंद्र गावात माझी बायको हिरा धवलारीण होती (लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत विधीची गाणी म्हणणारी बाई, त्या गाण्यांना धवले म्हणतात).

लग्न नसताना धवला म्हणायचा नाही, आणि नवरा-नवरीचं नाव घातल्याशिवाय तो पुढे सरकत नाही, असं तिचं म्हणणं. मग वहीत उतरवायचा कसा? तिनं तोड काढली. रोज संध्याकाळी दिवा लावायची, माझ्या कपाळाला हळद लावायची आणि आमचंच लग्न आहे असं धरून गायची. सत्तरी उलटलेला, चौथी नापास नवरा ओटीवर मांडी घालून लिहायचा. रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे.

"लिवला क?" ती विचारायची.

"सावकाश सांग ना! हात हाय, मशीन नय."

त्या संध्याकाळी फक्त पाठवणीचा धवला राहिला होता. मी पेन सरसावलं. तिनं सुपातली सालं झटकली.

"आज बस झाला. जेवाला चला. नवरीला उंद्या पाठवू."

पहाटे ती उठली नाही.

तेराव्याला तिच्या जोडीच्या सगळ्या धवलारणी आल्या होत्या. त्यांच्यासमोर मी बोलून बसलो, "वर्षश्राद्धाला हिराचं पुस्तक तुमच्या हातात देईन." बोलायला काय जातं? प्रकाशक म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. कोणीतरी सांगितलं, आजकाल आपलं पुस्तक आपल्यालाच काढता येतं. जन्मभर मिठागरात मीठ ओढलेल्या माणसाला हे फार सोपं वाटलं.

लोक काशीला जातात, मी पापडीला गेलो. आमच्या गावाहून निघालं की रस्त्यालगत मिठागरं लागायची. आता त्यांच्यामागे टॉवर उभे आहेत, आणि ज्या मिठात आमचे पाय फाटले त्याच्याकडे तोंड करून लोक बाल्कनीत कपडे वाळत घालतात. खाडी ओलांडून पापडीला उतरलं की मात्र हवा बदलते. केळीच्या वाड्या, चर्चची घंटा, विहिरीवरचा पंप. तिथल्या मोनिकाबाई चर्चचं मासिक आणि लग्नाच्या पत्रिका टाइप करतात. त्यांनी आधी सुकेळी खायला दिली (उन्हात वाळवलेली गोड केळी). दातांनी ऐकलं नाही, म्हणून मी ती गालात धरून बोलत राहिलो.

पंधरा दिवसांनी वही टाइप होऊन हातात आली ती एकोणतीस पानं.

"बाई, बाकीचं लग्न कुठं गेलं?"

"काका, त्याच त्याच ओळी होत्या. आईनं हळद लावली, मामीनं हळद लावली, आत्यानं हळद लावली. मला वाटलं तुम्ही चुकून परत परत लिहिलंत. एक ठेवली, बाकी काढल्या."

"आत्या काढली?"

"काढली."

"मांडवातून आत्या रुसून गेली तर समजूत घालायला तुम्ही जाणार का?"

मोनिकाबाईंनी तोंडावर हात ठेवला. "देवा! आमच्यात पत्रिकेवर आत्याचं नाव खाली गेलं तर तीन वर्षं बोलणं बंद होतं. थांबा." त्यांनी मामी, काकी, आत्या, मावशी सगळ्यांना एकेक करून परत मांडवात बोलावलं. पानं झाली एकसष्ट.

"आणि नवरीचं नाव सगळीकडे हिराच?" त्यांनी विचारलं. "अमुक असं करू का? म्हणजे कोणालाही वापरता येईल."

"अमुकीशी माझं लग्न झालेलं नाही."

त्यांनी मान खाली घातली आणि हिरा तशीच ठेवली.

पुढचा मुक्काम छपाईसाठी, विरार पूर्वेचं चंदनसार. डोंगराच्या पायथ्याशी इमारतींची इतकी दाटी की मी एकाच मेडिकलसमोरून तीनदा गेलो. चौथ्यांदा दुकानदारानंच हाक मारली, "काका, परबांकडे ना? मागच्या गाळ्यात." परब मूळचे कोकणातले. मुंबईच्या छापखान्यात नोकरी केली, आता स्वतःचं मशीन टाकलंय. पुस्तक कागदावर छापतात आणि मोबाइलवर वाचायचं ई-बुकही करून देतात.

मी कमरेच्या कशातून (कसा म्हणजे पैसे-तंबाखूची कापडी पिशवी) मोनिकाबाईंनी पुस्तक भरून दिलेला पेनड्राइव्ह काढला.

"याला पांढरं काय लागलंय?"

"चुना. डबी उघडी राहिली."

"पस्तीस वर्षं धंद्यात आहे काका. असं मॅटर पहिल्यांदाच आलं."

मी तो धोतराच्या सोग्यानं पुसून दिला, त्यांनी कॉम्प्युटरला लावला. पडद्यावर कावळ्याच्या पायांसारखी अक्षरं उमटली. परब म्हणाले, "फॉन्ट जुना आहे. बाईंच्या कॉम्प्युटरवर मराठी दिसतं, बाकी सगळ्या जगाला हे दिसतं." त्यांनी अक्षरं बदलून घेतली, तर निम्मे रफार उडाले, वेलांट्या शेजारच्या शब्दाला जाऊन चिकटल्या. तपासणार कोण? मी. चौथी नापास माणूस चष्मा लावून, बोट फिरवत, आठवडाभर गाळ्यात वडापाव खात शुद्धलेखन तपासत होता. माझ्या मास्तरांनी हे बघितलं असतं तर पुन्हा नापास केलं असतं.

मग पुस्तकाचा सरकारी नंबर. जणू पुस्तकाचं आधार कार्डच. त्याचा ओटीपी माझ्या फोनवर यायचा, आणि मी चष्मा शोधेपर्यंत मरायचा.

"लेखक कोण लिहू?" परबांनी विचारलं.

"मी. हात माझा दुखलाय."

"आणि गाणी?"

"तिची."

परबांनी कीबोर्डवरून बोटं उचलली. घरून निघताना मी माझं नाव मोठ्या अक्षरात लिहून आणलं होतं, फोटोसकट. तो कागद घडी घालून कशात चुन्याशेजारी ठेवला. मुखपृष्ठावर हिराचं नाव गेलं, आणि मतदान कार्डावरचा तिचा फोटो. त्यात ती फोटो काढणाऱ्याला मारायला निघाल्यासारखी दिसते. खरी तशीच दिसायची.

शेवटी अडलं ते पानांवर.

"एकसष्ट पानं आहेत, छपाई सोळाच्या पटीत. म्हणजे चौसष्ट. मागं तीन कोरी राहतात. एखाद्या मांडववाल्याची जाहिरात टाकू?"

"कोरीच राहू दे. पाठवणीचा धवला बाकी आहे."

"मग दुसऱ्या बाईकडून लिहून घ्या."

"हिराच्या मांडवात दुसरी कशी गाईल?"

"तुम्हाला येत नाही?"

"पुरुषाला कसा येईल? चाळीस वर्षं तिला घरी न्यायला मांडवाबाहेर सायकलवर बसून विड्या ओढल्या, बस्स."

"चाळीस वर्षांत कानावर काहीच पडलं नाही?"

"नाही."

परबांनी चष्म्यावरून बघितलं. "ठीक. पण ई-बुकात कोरं पान राहत नाही हं. तिथं पानंच नसतात, नुसता मजकूर सरकतो. मोबाइलवर तुमची नवरी मांडवातच राहणार."

"राहू दे. तिला घाई नाही."

श्राद्धाला पाच दिवस असताना शंभर प्रती घेऊन परतलो. गठ्ठे रिक्षात ठेवले. रिक्षावाल्यानं आरशातून विचारलं, "काका, शादी का कार्ड? कुणाचं लग्न?"

"माझं."

तो मागं वळून बघायला लागला आणि पुढचा खड्डा काही चुकला नाही. वरचा गठ्ठा माझ्या मांडीवर आला. तो तसाच धरून घरापर्यंत आलो.

घरी पहिली प्रत उघडून वाचायला गेलो. अक्षरं बरोबर होती, आत्या जागेवर होती, रफार डोक्यावर होते. आवाज मात्र कुठं नव्हता. मी पुस्तक कानाशी धरलं. म्हातारपणी माणूस किती मूर्ख होतो हे बघायला घरात कोणी नव्हतं, एवढं बरं. इतक्या बसा आणि रिक्षा बदलून मी तिच्याकडे चाललोय असं समजत होतो, आणि पोचलो तो तिच्या न लिहिलेल्या गाण्यापाशी. परबांशी मी खोटं बोललो होतो. विड्या ओढायला एवढा वेळ लागत नाही. शेवटचा धवला सुरू झाला की मी विडी विझवायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ केली, दिवा लावला. हळद माझी मीच लावली, थोडी नाकावर सांडली. पुस्तकाचं बासष्टावं पान उघडलं आणि पाठवणीचा धवला लिहायला घेतला. आईनं ओटी भरली, मामीनं भरली, आत्यानं भरली, एकीलाही गाळलं नाही. नवरीचं नाव आलं तिथं हिरा लिहिलं. शाई वाळेपर्यंत थांबलो, पुस्तक मिटलं, आणि दुसरी प्रत पुढ्यात ओढली.