डॅशबोर्डाच्या भेगेतला तोबरा

भूतखेत म्हणजे रिकामटेकड्यांचे धंदे, असं मी जन्मभर सांगत आलो अन् आजही सांगतो. माझ्या बापानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव वैनगंगेत सोडले. तेव्हापासून आमच्या घरी ना नारळ फुटला, ना लिंबू कापलं. तरी हे लिहून राहिलो. शिक्षण चौथीपर्यंत, मोबाईलवर एका बोटानं टाइप करतो, चुका निघतील... निघू द्या. फक्त जेवताना वाचू नका. ताट सरकवाल.

मी कारध्याचा. पूल ओलांडला की भंडारा. माझ्याजवळ एक जुनी पिकअप आहे — जीपच्या तोंडाची, जाड पत्र्याची. तशी दुसरी आता या भागात दिसत नाही. कोंढा-आसगाव या गावांकडचं धान भरायचं अन् राइस मिलवर उतरवायचं, यातच उमर गेली. मी ड्रायव्हर, अन् डाव्या सीटवर शालिक हमाल. भरलं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून असा चढे का बघत राहावं. पण खर्रा! सुपारी, तंबाखू अन् चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून आमच्याकडं खातात, तो खर्रा दिवसभर त्याच्या गालात.

आता तोंड भरलेलं असलं की पोतं उचलता येत नाही, दम कोंडते. अन् ताजा खर्रा थुंकायले याचा जीव होत नसे. मंग हा बाबा काय करे? अर्धा चावलेला तोबरा बोटानं काढे अन् डॅशबोर्डाच्या भेगेत दाबून ठेवे. उन्हानं डॅशबोर्ड तडकला होता, नेमका त्याच्यासमोर. पोती उतरवून आला की तोच तोबरा पुन्हा तोंडात! वर धूळ बसलेली, कधी मुंगी लागलेली...

"अबे शालिक, डुक्कर तरी बरं!"

"भाऊ, तुमी देव मानत नाही, मी घाण मानत नाही. चला, गिअर टाका."

मागच्या दिवाळीच्या सुमारास तो गेला. खर्र्यानंच नेला. तोंड उघडणंच बंद झालं होतं. त्यावर जास्त लिहीत नाही.

यंदा उन्हाळ्यात माझी नात त्या गाडीत बसली अन् वासानं ओकली. पोरगा प्रमोद भडकला. "बाबा, हा उकिरडा भंगारात द्या आता."

"डॅशबोर्ड नवा करतो. मंग सांग."

"अन् तरी घाण राहिली तं?"

"तं मीच माझ्या हातानं भंगारात नेऊन देईन." सगळ्या घरासमोर बोललो. अन् दिलेला शब्द मी कधी फिरवला नाही, हे गावाले विचारा.

सगळे नटबोल्ट खोलून डॅशबोर्ड आंगणात आणला. भेगेत पेचकस घातला तं... वाळलेल्या तोबऱ्यांचे थरावर थर, काळे, चिकट, मधे-मधे झुरळांची अंडी. तोंडाले दुपट्टा बांधून सगळा स्पंज खरवडला. पत्रा थिनरनं धुतला. फायबरची जाळी टाकून रेझीन ओतलं, वाळल्यावर पाणकागदानं घासलं, वरून काळं रेक्झीन चिकटवलं. फुगा नाही, सुरकुती नाही. कारखान्यातूनही असा निघत नसंन!

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तं नवं रेक्झीन त्याच जागी फाटलेलं. अन् फटीत तोबरा. ओला. खाली लाळेची तार सुटलेली.

कोण्या हरामखोरानं मस्करी केली म्हणून गल्लीभर शिव्या दिल्या. फाटलेला भाग काढून पुन्हा फायबर भरलं, पुन्हा रेक्झीन लावलं. या खेपी डॅशबोर्ड धानाच्या खोलीत ठेवला, कुलूप घातलं, चाबी करदोड्याले बांधली.

सकाळी तसंच. खालचं फायबर दगडासारखं टणक, कुठं तडा नाही. मी हातोडीनं फोडलं, तं आत सुपारीचा तुकडा निघाला... दातांनी चावलेला. मी ओतलं तेव्हा त्यात काही नव्हतं. अन् वास? शालिक चुना जरा जास्तच टाके. तोच वास.

प्रमोद म्हणे, "रेझीननं पाणी सोडलं असंन बाबा."

"रेझीन लाळ गाळते का बे?"

बायको म्हणाली, "अहो, एक पुडी ठेवून द्या ना तिथं. काय जाते?"

"देव सोडलेलं घर खर्र्याची पुडी पुजंन?"

"पुजू नका. नुसती ठेवा."

"ठेवणं म्हणजेच पुजणं. आज पुडी मागते, उद्या कोंबडा मागंन!"

पुडी ठेवली नाही. डॅशबोर्ड खरवडून, फाटका तसाच गाडीत बसवला. हरलो तं हरलो. प्रमोद गाडीसमोर आला, "राहू द्या बाबा, मी रागात बोललो होतो."

"सरक बाजूले."

एकटाच निघालो. पुलावर मुद्दाम पाहिलं — भेग कोरडी होती. भंडाऱ्यात भंगारवाल्याच्या काट्यापाशी गाडी उभी केली, इंजन बंद केलं, अन् डावीकडं नजर गेली. भेगेत तोबरा. ताजा. रस ओघळून सीटवर टपकत होता. डावं दार तं वाटेत उघडलंच नव्हतं.

भंगारवाल्यानं खिडकीतून मान घातली अन् काढली. "छ्या! बाबा, तुमचा हमाल कुठं उतरला? हे काय ठेवून गेला?"

चाबी काढून त्याच्या हाती द्यायची होती. पण हात स्टेअरिंगवरून हलेना. तोबरा भेगेत म्हणजे शालिक खाली उतरला, पोती वाहून राहिला, अन् येईपर्यंत थांबायचं. इतक्या वर्षांत एकदाही मी त्याले मिलवर टाकून निघालो नव्हतो.

"चाबी द्या ना बाबा, गाडी काट्यावर घेतो."

"थांब जरा."

"कोणासाठी?"

काय सांगू? तो कंटाळून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं गेला. मागून कोण्या टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला, मी आरशात पाहिलं, परत डावीकडं वळलो... भेग रिकामी. रेक्झीनवर फक्त बोटाचा ओला डाग.

मी चाबी फिरवली अन् गाडी घरी आणली.

शब्द मोडला. जन्मात पहिल्यांदा. प्रमोदनं गाडीले आंगणात जागा करून दिली, तेच जास्त लागलं. गाडी आता आंगणात असते. नात तिच्याजवळ फिरकत नाही. भेगेत अजूनही तोबरा निघते, अन् प्रत्येक वेळी मी नाकाले दुपट्टा लावतो. भूत मी मानत नाही, पुडी ठेवणार नाही. तुमच्यात कोणी मेकॅनिक असंन तं हे कुठून येते ते सांगा, मले तं आजवर समजलं नाही. पण "विकून टाका" हे सांगू नका. तोबरा भेगेत असला की मी चाबी फिरवत नाही. कुठं जायचं असलं तरी बसून राहतो.