आरपार देवळी

आमच्या वडिवळ्यात झुंबरबाईला कुणी कोंडाजीची बायको म्हणत नसे. उलट कोंडाजीलाच लोक 'भितवालीचा नवरा' म्हणायचे. त्याला ते मुळीच आवडत नसे, पण गावाचं तोंड कोण धरणार? नाणे मावळात कुणाकडे लग्न निघालं की बैलगाडी यायची ती झुंबरबाईला न्यायला. कोंडाजी दारात बसून गाडीवानाला विचारायचा, "माजं काय काम?" गाडीवान म्हणायचा, "काय न्हाई. बाईला सांगा, गाडी आली."

ओट्याची कड, कोनाडा, माजघरातली बुटकी भिंत, जिथे म्हणून मातीला काठ असेल तिथे तिचा अंगठा फिरायचा. पांढरी माती, शेण, भाताचं तूस एकत्र मळून ती त्याच्या वळ्या करायची आणि त्या काठावर चिकटवून बोटांनी दाबत जायची. वेली, पाखरं, भाताच्या लोंब्या. वाळलं की गेरू आणि चुना. मधे मधे फुटक्या बांगड्यांच्या काचा. एखादीनं नुसतं "सारवून टाका की" म्हटलं तर झुंबरबाई तिच्याकडे अशी बघायची की ती बाई मुकाट्यानं माती कालवायला बसायची. "कोऱ्या भितीपुढं मला घास गिळत न्हाई," हे तिचं ठरलेलं बोलणं.

आमचं घर तिच्या समोरच, मधे फक्त बोळ. त्यामुळे मी सांगते ते ऐकीव नाही.

तिच्या स्वतःच्या घरात एक बुटकी भिंत होती, कमरेएवढी आणि चांगली दीड हात जाड. पूर्वी तिच्या पलीकडे गुरं बांधत. पुढे गोठा मागे नेला आणि पलीकडच्या खोलीत कोंडाजीचा धाकटा भाऊ हौशीराम आणि त्याची बायको नंदाबाई राहू लागली. चुली दोन, पण घर एक. इकडचं कालवण तिकडे आणि तिकडची भाकरी इकडे, सगळं त्या भिंतीवरून. नंदाबाईची मुलगी बयी तर भिंतीवरूनच जा-ये करायची. तिला दार असतं हे बहुधा माहीतच नव्हतं. झुंबरबाईला मूलबाळ नव्हतं. बयी तिला मोठी आय म्हणायची, तिच्याच ताटात जेवायची आणि तिच्याच वाकळेवर झोपायची.

हौशीराम लोणावळ्याला रेल्वेत खलाशी होता. नावाप्रमाणेच हौशी. तिथल्या बंगल्यांतून साहेब लोक मुक्काम हलवताना जे टाकून जात, ते तो उचलून आणायचा आणि वहिनीच्या भिंतीवर मांडायचा. निळी बाटली, चित्राचा पत्र्याचा डबा, आणि एकदा एक चिनी मातीचं कुत्रं. पांढरंशुभ्र, जीभ काढून बसलेलं. गावातली निम्मी माणसं ते बघून गेली. झुंबरबाईनं त्याला बसायला मातीची छोटी गादीसुद्धा केली होती.

कोंडाजीची सवय अशी, की शेतातून आला की डोक्यावरचं ओलं इरलं काढायचं आणि न बघता भिंतीवर आदळायचं. भादव्यातल्या एका संध्याकाळी त्यानं तेच केलं. कुत्रं खाली पडलं आणि त्याचे तुकडे झाले.

हौशीराम नेमका घरी होता. "दादा, माजं कुत्रं फोडलंस," तो म्हणाला.

कोंडाजी म्हणाला, "भुकलं आसतं तर बाजूला ठिवलं आसतं इरलं."

मी सांगते, हा माणूस जन्मात एकदा विनोद बोलला आणि त्या विनोदानं घर फुटलं. बायका हसल्या, आम्ही पोरी हसलो, आणि हौशीरामाच्या डोक्यात सणक गेली. तो म्हणाला, माझ्या वस्तूला या घरात जागा नाही. कोंडाजी म्हणाला, भिंत घराची आहे, बाजारातली फळी नव्हे. मग इरलं राहिलं, कुत्रं राहिलं आणि मागच्या दहा वर्षांचं सगळं निघालं. शेवटी हौशीराम म्हणाला, "ही अर्धी भित आता पुरी करायची. तू तुज्यात, मी माज्यात." आणि कोंडाजी म्हणाला, "कर. माज्या घरातलं कुणी तुज्या उंबऱ्याला शिवायचं न्हाई." बायकांना विचारायची दोघांनाही गरज वाटली नाही. अशा वेळी वाटत नसतेच.

 झुंबरबाईनं कुत्र्याचे तुकडे वेचून पदरात घेतले. पण त्या रात्री नंदाबाईनं बयीला झोपायला आपल्याकडे नेलं, तेव्हा झुंबरबाईच्या तोंडाकडे माझ्या आईला बघवलं नाही म्हणे. भिंत वर गेली की हे लेकरू गेलं, एवढं तिला कळून चुकलं होतं. ते काही तिच्या पोटचं नव्हतं, आणि मागायचं तरी कोणत्या तोंडानं?

भात घरात आलं, दिवाळी झाली, तरी भावांचा राग वाळेना. हौशीरामानं बोळाच्या बाजूला स्वतःचं दार पाडून घेतलं आणि कामशेतहून सरदार गवंड्याला बोलावलं. सरदारनं भिंतीला दोन-चार जागी टोचून पाहिलं, चहा प्यायला आणि म्हणाला, "हौशीरामभाऊ, खालची भित मातीची. हिच्यावर माजा दगड बसायचा न्हाई, खचंल. मातीवर मातीच चढवावी लागती. आन मातीचा गवंडी तर तुमच्या घरातच हाय." असं म्हणून तो भिंतीवरची वेल बघत जरा वेळ उभा राहिला आणि निघून गेला.

म्हणजे काम आलं झुंबरबाईवरच. स्वतःचं घर तोडणारी भिंत स्वतःच्याच हातानं चढवायची. ती म्हणाली, "चढवते. पर मातीची भित एका बाजूनं चढत न्हाई. एकीनं थापलं तर दुसऱ्या अंगाला पोट येतं. पल्याडनं नंदी पायजे."  हौशीराम एवढंच म्हणाला, "मग थापा. पर बोलायचं न्हाई."

अशी ती भिंत झाली. इकडे झुंबरबाई, तिकडे नंदाबाई, मधे पेंढा घालून तुडवलेला चिखल. नवी भिंत जुनीच्या निम्म्या जाडीची धरली, त्यामुळे दोन्ही घरांत वीतभर कठडा राहिला. एक थर घालायचा, दोन्हीकडून एकदम थापायचा आणि वाळायला सोडायचा. घाई केली की बसलाच खाली. मी आणि बयी पाणी आणून द्यायचो. दोघी जावा समोरासमोर उभ्या, तोंडातून शब्द नाही, नुसते हात चालायचे. रोज भिंत वर यायची आणि रोज त्या एकमेकींना थोड्या कमी दिसायच्या. आधी पोट झाकलं, मग छाती, मग हनुवटी. बयीला खेळ वाटत होता. मला पहिल्यांदा वाटत होता, मग वाटेनासा झाला.

थर डोळ्यांपर्यंत आला त्या दिवशी दोघींनी इकडून थापलं, तिकडून थापलं, आणि मधे एक जागा राहिली. टोपली राहील एवढी. झुंबरबाईनं तिथे माती ठेवली नाही आणि नंदाबाईनंही ठेवली नाही. आधी कुणी हात आखडला, हे दोघींनी शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. पुढचे थर त्या जागेवर लाकडाची फळी टाकून चढवले आणि भिंत आढ्यापर्यंत नेली.

संध्याकाळी दोघे भाऊ आपापल्या घरातून ते भोक बघत उभे राहिले. भोकातून त्यांना एकमेकांची तोंडं दिसली, म्हणून दोघांनी मान फिरवली.

"हे काय?" कोंडाजी म्हणाला.

"दिव्याची देवळी," झुंबरबाई म्हणाली. "आरपार हाय. दिवा एक लावायचा, उजेड दोन घरात. घासलेट काय फुकट येतंय?"

घासलेटापुढे दोघांचंही काही चाललं नाही. रागासाठी दुप्पट तेल जाळणारा माणूस मावळात अजून जन्मायचा आहे. मग पाळी ठरली, एक दिवस इकडचा दिवा, एक दिवस तिकडचा. झुंबरबाईनं देवळीच्या आपल्या बाजूला नक्षीची कड केली आणि त्या कडेत कुत्र्याचे तुकडे बसवले. वरती मधोमध एक डोळा. कोंडाजी जेवायला बसला की तो डोळा त्याच्याकडे बघायचा. कोंडाजी पाट फिरवून बसायला लागला.

दिवा संध्याकाळचा. दिवसभर ती देवळी बयीची. पलीकडच्या कठड्यावर ती चढायची, पालथ्या पाटीवरून. उभी राहिली की देवळी तिच्या छातीशी यायची, मग दोन्ही हात आणि डोकं इकडे. "मोठी आय, काय केलंस?" झुंबरबाई तिच्या हातावर काहीतरी ठेवायची. गूळ, भाजलेला वाल, नाहीतर नुसतं आपलं बोट.

पण सुख लागलं तरी माणसाला टोचतंच. भिंतीपलीकडे नंदाबाई काय करते, कशी बघते, हे झुंबरबाईला दिसत नव्हतं. दिसायची ती फक्त बयी. तिच्या मनानं घेतलं, की आपण दुसरीचं लेकरू ओढून घेतोय. त्या माउलीचा जीव तिकडे तुटत असेल, बोलायची बंदी म्हणून गप्प बसत असेल. माझ्या आईजवळ ती म्हणायची, "माज्या हाताला गुण न्हाई ग. ज्यात त्यात येल काढते नि दुसरीच्या घरात घुसते." कधी कधी ती भर दुपारी देवळीत दिवा ठेवून द्यायची, म्हणजे पोरीला डोकं घालता येऊ नये. मग आतल्या अंगाला बसून राहायची. थोड्या वेळानं पलीकडून कुणीतरी तो दिवा हळूच बाजूला करायचं. झुंबरबाईला वाटायचं, पोरगीच करते.

त्याच सुमाराला घाटाकडून विजेची आगगाडी धावायला लागली. माणसं कामशेतपर्यंत चालत जाऊन ती बघून आली आणि भावाभावांचं भांडण गावाला जुनं झालं. त्या दोघांना मात्र झालं नाही. वर्षं गेली. बयी मोठी झाली, कठड्यावर चढायची गरज उरली नाही, नुसतं उभं राहिलं तरी देवळीतून तोंड दिसू लागलं. आणि एके वर्षी माघात तिचं लग्न ठरलं.

गावभर एकच विषय. मोठ्या आयच्या डोळ्यांदेखत पोरीला हळद लागणार की देवळीतून बघावी लागणार? झुंबरबाईनं तेव्हा खाणं टाकलं होतं. बयी देवळीतून म्हणाली, "तू न्हाई आलीस तर मी पाटावर बसत न्हाई." झुंबरबाई म्हणाली, "बसायचं. आन माजं नाव काढायचं न्हाई. तुज्या आयला बरं वाटायचं न्हाई."

लग्नाला थोडे दिवस उरले आणि हौशीराम बोळात येऊन उभा राहिला. भावाकडे न बघता, आमच्या शेवग्याकडे बघत म्हणाला, "लगीन हाय. भिती पोतारायच्यात, कठडा रंगवायचाय. गावात दुसरं कोन हाय करनारं?"

कोंडाजी ओट्यावर दोरी वळत होता. त्यानं वळणं थांबवलं नाही. "मला काय इचारतोस?" तो म्हणाला. "भित तिची."

एवढंच. मला विचाराल तर एवढ्यासाठी इतकी वर्षं वाया घालवली त्या दोघांनी. झुंबरबाईनं मातीची पाटी घेतली, आम्हा दोघीतिघींना बरोबर घेतलं आणि बोळातून फिरून हौशीरामाच्या उंबऱ्यात पाय ठेवला.

आपण बांधलेल्या भिंतीची पलीकडची बाजू ती प्रथमच बघत होती. नंदाबाईनं तिकडचा कठडा आपल्या परीनं सजवला होता. वेल वाकडी, पाखरांना माना नाहीत, पण दरसाल गेरू-चुना केलेला दिसत होता. देवळीच्या बरोबर खाली, कठड्यावर, दोन इवलीशी पावलं होती. काढलेली नव्हेत, उमटलेली. आजूबाजूला लिंपण चढत गेलेलं आणि ती तेवढी खोल राहिलेली. कडेनं चुन्याची रेघ आणि मधे कुंकू.

झुंबरबाई बघत राहिली. मग तिच्यातली भितवाली बोलली. "नंदे, लक्ष्मीची पावलं उलटी झाली. घरात येती काढायची. ही तर भितीकडं चालल्यात."

नंदाबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"मी न्हाई काढली, आक्का," ती म्हणाली. "भित झाली त्या दिशी वल्या मातीवर बयी चढली, तिची हायत. पुसनार व्हते. पन लेकरू कुटं चाललंय ते मला दिसत व्हतं. म्हनलं, जाऊ दे, तितं तिची आयच हाय." मग म्हणाली, "तुमी दुपारचा दिवा ठिवायच्या, तो मीच काढायची."

झुंबरबाई खाली बसली आणि रडली. नंदाबाई तिच्याजवळ बसली. बयी दोघींच्या मधे येऊन बसली, तेव्हा दोघींनी तिला दोन्हीकडून धरलं.

मग झुंबरबाईनं डोळे पुसले, पांढऱ्या मातीत बोळा बुडवला आणि पावलांची तेवढी जागा सोडून सगळी भिंत पोतारून काढली.